एकनिर्देशांकी समाश्रयण व त्याचे अर्धप्राचलीय आकलन

अनेक स्वतंत्र चलांचा एका अवलंबी चलावरील परिणाम त्या चलांच्या एकाच भारित बेरजेच्या द्वारे घडतो असे मानून, त्या बेरजेतील भार आणि बेरजेचे अवलंबी चलाशी असणारे नाते ही दोन्ही निरीक्षणांवरून ठरविण्याची सांख्यिकीतील एक पद्धती. या भारित बेरजेला ‘निर्देशांक’ म्हणतात व तो एकच असल्यामुळे या प्रतिमानाला ‘एकनिर्देशांकी’ हे नाव मिळाले आहे. क्ष१, क्ष२, …, क्षम हे स्वतंत्र चल, भ१, भ२, …, भम हे त्यांचे भार आणि य हा अवलंबी चल असेल, तर

य = फ (भ१ क्ष१ + भ२ क्ष२ + … + भम क्षम) + त्रुटी

असे हे प्रतिमान लिहिता येते. यातील भारांची संख्या सान्त असल्याने ते नेहमीच्या अर्थाने प्राचल होत. फ हे फलन मात्र कोणत्याही ठराविक सूत्राने बांधलेले नसते. त्याचा आलेख गुळगुळीत आहे एवढेच सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रतिमानाचा एक भाग प्राचलांचा व दुसरा सूत्रमुक्त असल्याने त्याच्या आकलनाला ‘अर्धप्राचलीय’ असे विशेषण लावतात. या पद्धतीची मुख्य घडण १९७५ ते १९९३ या काळात झाली. निरीक्षणे हाती येण्यापूर्वी किती गोष्टी गृहीत धराव्यात आणि किती निरीक्षणांवरच सोपवाव्यात, हा सांख्यिकीतील जुना प्रश्न तिच्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

पूर्वपीठिका : अनेक राशी एका राशीत गुंफण्याची कल्पना समाश्रयणाच्या संकल्पनेइतकीच जुनी आहे. फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) यांनी १८८६ मध्ये आईवडील व त्यांची प्रौढ अपत्ये यांच्या उंचीविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २०५ दांपत्ये व त्यांची ९२८ अपत्ये यांची मापे होती. आईच्या उंचीला १·०८ ने गुणावयाचे, तीत वडिलांची उंची मिळवावयाची आणि बेरजेची निमपट करावयाची, अशी रीत त्यांनी ठरविली व येणाऱ्या संख्येला ‘मध्यपालका’ची उंची मानले. मध्यपालकाची उंची सर्वसाधारण सरासरीपासून जितकी दूर असेल, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच अपत्यांची उंची सरासरीने त्या दिशेला झुकते, असे त्यांना आढळले. येथे दोन चलांचा एक निर्देशांक तयार झाला होता. परंतु त्यातील भार गॉल्टन यांनी आधीच ठरविले होते व निर्देशांकाचे अपत्यांच्या उंचीशी असणारे नाते सरळ रेषेचे मानले होते. पुढील शतकभरात या दोन्ही गृहीतांची बंधने क्रमाने सैल होत गेली.

पहिले बंधन सैल करण्याचे साधन गॉल्टन यांच्या पूर्वीच उपलब्ध झाले होते. आद्रियँ मारी लझांद्र यांनी १८०५ मध्ये व कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी १८०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लघुतम वर्ग पद्धतीने भारांची मूल्ये निरीक्षणांवरूनच काढता येतात. १८९७ मध्ये जॉर्ज अड्नी यूल यांनी ही पद्धती अनेक चलांच्या समाश्रयणाला लावून दाखविली. रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) यांच्या १९२२ च्या निबंधाने प्राचल, आकलन व आकलकाची कार्यक्षमता या संकल्पना स्थिर झाल्या. सरळ रेषेचे गृहीत मात्र तसेच राहिले.

वक्राच्या निवडीचा प्रश्न : अवलंबी चलाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे दोनच प्रकारचे असते, तेव्हा सरळ रेषा अपुरी पडते. कीटकनाशकाची मात्रा वाढत जाते तसे मरणाऱ्या कीटकांचे प्रमाण शून्यापासून एकापर्यंत चढत जाते; ते शून्याच्या खाली वा एकाच्या वर जाऊ शकत नाही. अशा निरीक्षणांसाठी चेस्टर ब्लिस यांनी १९३४ मध्ये प्रसामान्य वंटनापासून मिळणारा वक्र वापरला व त्या पद्धतीला ‘प्रोबिट’ हे नाव दिले. जोसेफ बर्कसन यांनी १९४४ मध्ये त्याऐवजी लॉजिस्टिक वक्र सुचविला. ती ‘लॉजिट’ पद्धती होय. जॉन नेल्डर (१९२४–२०१०) व रॉबर्ट वेडरबर्न (१९४७–७५) यांनी १९७२ मध्ये या व इतर अनेक पद्धती एकाच व्यापक चौकटीत बसविल्या. या चौकटीत निर्देशांक व अवलंबी चलाची सरासरी यांना जोडणारे फलन अभ्यासकाने स्वतः निवडावयाचे असते.

ही निवड चुकली, तर होणारा परिणाम किरकोळ नसतो. साध्या रेखीय समाश्रयणात त्रुटींचे वंटन प्रसामान्य नसले, तरी लघुतम वर्ग पद्धतीने मिळणारे भार सहसा खऱ्या भारांकडेच जातात. ‘होय-नाही’ प्रकारच्या निरीक्षणांत मात्र वक्र चुकीचा घेतला की, भारांची परस्पर प्रमाणेही सामान्यतः चुकतात. निरीक्षणांची संख्या वाढविल्याने ही चूक भरून येत नाही. उलट चुकीचे उत्तर अधिकाधिक ठामपणे समोर येते. एखाद्या औषधाचा परिणाम रुग्णाच्या वयाने अधिक बदलतो की मात्रेने, किंवा प्रवासी भाडे पाहून वाहन निवडतो की वेळ पाहून, असे निर्णय या प्रमाणांवरच अवलंबून असतात. म्हणून वक्रही निरीक्षणांनाच ठरवू द्यावा, ही मागणी केवळ गणिती हौसेची नव्हती.

मितींचा शाप : वक्राचा आकार आधी न ठरविता तो निरीक्षणांवरून काढण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित झाले. मरे रोझनब्लाट (१९५६) व इमॅन्युएल पार्झेन (१९६२) यांनी संभाव्यता-घनतेच्या आकलनासाठी ते वापरले. समाश्रयणासाठी एलिझबार नदाराया व जेफ्री वॉटसन यांनी १९६४ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते मांडले. वॉटसन यांचा निबंध प्र. चं. महालनोबीस यांनी १९३३ मध्ये कलकत्त्यास सुरू केलेल्या ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. या तंत्राचे तत्त्व सोपे आहे. एखाद्या बिंदूपाशी वक्राची उंची काढावयाची असल्यास त्या बिंदूजवळच्या निरीक्षणांची भारित सरासरी घ्यावयाची. जवळच्या निरीक्षणाला अधिक भार व दूरच्याला कमी. किती अंतरापर्यंतची निरीक्षणे जमेस धरावयाची, ते ‘खिडकी’च्या रुंदीवरून ठरते. खिडकी फार रुंद झाली तर वक्राचे बारकावे पुसले जातात, फार अरुंद झाली तर प्रत्येक त्रुटी वक्रात उमटते.

स्वतंत्र चल एक असेपर्यंत हे तंत्र चांगले चालते. चलांची संख्या वाढली की ‘जवळची’ निरीक्षणेच सापडेनाशी होतात. प्रत्येक चलाच्या व्याप्तीचे दहा भाग पाडले, तर एका चलाचे १० कप्पे होतात, दोन चलांचे १०० आणि पाच चलांचे १,००,०००. काही हजार निरीक्षणे असली, तरी यांतील बहुतेक कप्पे रिकामे राहतात. रिचर्ड बेलमन (१९२०–८४) यांनी १९५७ च्या सुमारास या अडचणीला ‘मितींचा शाप’ म्हटले व तेच नाव रूढ झाले. चार्ल्स स्टोन यांनी १९८० व १९८२ मधील निबंधांत या शापाचे नेमके माप काढले. फलन दोन वेळा अवकलनीय आहे एवढेच गृहीत धरल्यास, सर्वोत्तम पद्धतीने सुद्धा आकलनातील त्रुटी निम्मी करण्यासाठी एका चलाच्या बाबतीत सुमारे ५·७ पट निरीक्षणे लागतात. पाच चलांसाठी सुमारे २३ पट व दहा चलांसाठी १२८ पट. वक्राचे सूत्र आधी माहीत असेल, तर चलांची संख्या कितीही असो, चौपट निरीक्षणे पुरतात.

अशा रीतीने १९८० च्या सुमारास दोन टोके स्पष्ट झाली होती. एका टोकाला थोड्या निरीक्षणांत भागविणारी, पण सूत्र चुकल्यास फसविणारी प्राचलीय पद्धती होती. दुसऱ्या टोकाला न फसविणारी, पण अनेक चल असताना पुरेशी निरीक्षणे कधीच न मिळणारी अप्राचलीय पद्धती होती.

मध्यममार्गाचा शोध : या दोहोंमधील वाट अनेक दिशांनी शोधली गेली. चार्ल्स स्टाइन (१९२०–२०१६) यांनी १९५६ मध्येच एक मूलभूत प्रश्न विचारला होता : प्रतिमानातील एक भाग संपूर्णपणे अज्ञात असताना दुसऱ्या भागातील प्राचल, तो अज्ञात भाग माहीत असल्याइतक्या अचूकतेने काढता येतील काय? डेव्हिड कॉक्स (१९२४–२०२२) यांनी १९७२ मध्ये जीवितकालाच्या विश्लेषणासाठी मांडलेल्या प्रतिमानात काळानुसार बदलणारा मूळ धोका अज्ञातच ठेवून भारांचे आकलन केले होते. जेरोम फ्रीडमन व जॉन ट्यूकी यांनी १९७४ मध्ये बहुमितीय निरीक्षणांचे अर्थपूर्ण एकमितीय प्रक्षेप शोधण्याची पद्धती सुचविली. तिच्यावरून फ्रीडमन व व्हेर्नर श्टूट्झले यांनी १९८१ मध्ये अनेक निर्देशांकांच्या अज्ञात फलनांची बेरीज घेणारे समाश्रयण रचले. त्यातील एकच पद ठेवले, म्हणजे एकनिर्देशांकी प्रतिमान मिळते.

अर्थमितीत चार्ल्स मॅन्स्की यांनी १९७५ मध्ये माणसाच्या निवडीच्या अभ्यासासाठी वेगळी युक्ती योजिली. त्रुटींचे वंटन गृहीत न धरता, ज्या भारांनी अधिकात अधिक निवडींचा अंदाज बरोबर येतो, ते भार त्यांनी स्वीकारले. या आकलकातील त्रुटी निरीक्षणसंख्येच्या वर्गमुळाच्या नव्हे, तर घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, असे किम व पोलार्ड यांनी १९९० मध्ये सिद्ध केले. म्हणजे त्रुटी निम्मी करण्यास आठपट निरीक्षणे लागतात. घनमुळाचे असे वर्तन बी. एल. एस. प्रकाश राव यांनी १९६९ मध्ये एकशिखरी घनतेच्या आकलनाबाबत ‘संख्या’मध्येच दाखविले होते. मॅन्स्की यांच्या पद्धतीने गृहीते पुष्कळ कमी केली, पण तिची किंमत अचूकतेत मोजावी लागली. ही किंमत अटळ आहे की काय, हा पुढील प्रश्न होता.

डेव्हिड ब्रिलिंजर यांनी १९८३ मध्ये, एरिक लेमन यांच्या गौरवग्रंथात, एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला. स्वतंत्र चलांचे संयुक्त वंटन प्रसामान्य असेल, तर फ हा वक्र कोणताही असला तरी साध्या लघुतम वर्ग पद्धतीने मिळणारे भार खऱ्या भारांच्या प्रमाणात असतात. जी पद्धती सरळ रेषेसाठीच योग्य समजली जात होती, तीच वक्र नात्यातही योग्य दिशा दाखविते, असा याचा अर्थ होता. केर-चाऊ ली व नाइहुआ डुआन यांनी १९८९ मध्ये या निष्कर्षाची व्याप्ती वाढविली. परंतु येथे वक्राविषयीचे गृहीत सुटले, तरी स्वतंत्र चलांच्या वंटनाविषयीचे गृहीत त्याच्या जागी आले होते.

निश्चितीच्या अटी : दोन्ही गृहीते टाळावयाची, तर प्रथम निरीक्षणांवरून काय ठरू शकते व काय ठरू शकत नाही, हे पाहावे लागते. सर्व भार दुप्पट केले आणि वक्र आडव्या दिशेने तितकाच ताणला, तर प्रतिमानात काहीच फरक पडत नाही. म्हणून भारांची निरपेक्ष मूल्ये कळू शकत नाहीत; त्यांची परस्पर प्रमाणे, म्हणजेच निर्देशांकाची दिशा, तेवढी कळते. यासाठी एका भाराचे मूल्य १ धरतात किंवा भारांच्या वर्गांची बेरीज १ मानतात. निर्देशांकातील स्थिरांकही वक्रातच सामावून जातो. याशिवाय निदान एक चल संतत असावा लागतो आणि वक्र आडवी रेषा असून चालत नाही, कारण तसे असल्यास कोणतीही दिशा सारखीच ठरते.

प्रमुख रीती : या अटींच्या आधारे १९८६ ते १९९३ या काळात तीन प्रकारच्या रीती पुढे आल्या.

पहिली रीत सरासरी अवकलजाची होय. निर्देशांकाच्या वक्राचे प्रत्येक चलासंबंधीचे अवकलज त्या चलाच्या भाराच्या प्रमाणात असते. म्हणून सर्व निरीक्षणांवरील अवकलजांची सरासरी काढली की, भारांची प्रमाणे मिळतात. टॉमस स्टोकर यांनी १९८६ मध्ये ही कल्पना मांडली. व्होल्फगांग हेर्डले व स्टोकर यांनी, तसेच जेम्स पॉवेल, जेम्स स्टॉक व स्टोकर यांनी १९८९ मध्ये तिला पूर्ण रूप दिले. दुसऱ्या गटाने प्रत्येक अवकलजाला त्या बिंदूपाशी असणाऱ्या घनतेचा भार दिला. त्यामुळे विरळ भागातील लहान संख्यांनी भागण्याची अडचण नाहीशी झाली व उत्तर एका सरळ बेरजेने मिळू लागले. हेर्डले व स्टोकर यांनी आपल्या निबंधात मोटारीला बाजूने बसणाऱ्या धडकेच्या प्रयोगांतील निरीक्षणे घेतली होती. वय, धडकेचा वेग व त्वरण हे स्वतंत्र चल आणि धडक प्राणघातक ठरते की नाही हा अवलंबी चल, असे ते उदाहरण होते.

दुसरी रीत अर्धप्राचलीय लघुतम वर्गांची आहे. हिदेहिको इचिमुरा यांनी ती १९८७ च्या आपल्या प्रबंधात विकसित केली व १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत प्रथम भारांचा एक संच चाचणीसाठी घेतात व त्यावरून प्रत्येक निरीक्षणाचा निर्देशांक काढतात. मग नदाराया-वॉटसन तंत्राने निर्देशांकावरील वक्र काढतात; मात्र ज्या निरीक्षणाचा अंदाज करावयाचा, तेच तेवढे वगळतात. अंदाज व प्रत्यक्ष मूल्य यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज ज्या भारांनी लघुतम होते, ते भार स्वीकारतात. ‘होय-नाही’ प्रकारच्या निरीक्षणांसाठी रॉजर क्लाइन व रिचर्ड स्पेडी यांनी १९९३ मध्ये हीच कल्पना वापरली. वर्गांच्या बेरजेऐवजी त्यांनी निरीक्षणांची संभाव्यता महत्तम केली.

तिसरी रीत क्रमांवर आधारलेली आहे. वक्र सतत चढताच आहे एवढे माहीत असेल, तर तो काढण्याची गरजच उरत नाही. निरीक्षणांच्या शक्य तितक्या जोड्यांत निर्देशांकांचा व अवलंबी चलांचा लहानमोठेपणा एकच यावा, असे भार निवडले की पुरते. ॲरन हान यांनी १९८७ मध्ये ही रीत सुचविली. तिच्या त्रुटी वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतात, हे रॉबर्ट शर्मन यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले.

दिशेची अचूकता : या सर्व संशोधनाचा गाभा एका निष्कर्षात सांगता येतो. वक्र अज्ञात असूनही भारांची दिशा वर्गमुळाच्या गतीने, म्हणजे सूत्र माहीत असताना मिळते त्याच गतीने, काढता येते. चौपट निरीक्षणांनी दिशेतील त्रुटी निम्मी होते. वक्राला सुमारे ५·७ पट निरीक्षणे लागतात, पण तेवढी एका चलाच्या वक्रालाही लागतातच. दहा चलांसाठी लागणाऱ्या १२८ पटीचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. याचे कारण असे की, भारांच्या आकलनात वक्रावरील सर्व बिंदूंच्या त्रुटी एकत्र येतात व त्यांची सरासरी होताना बहुतेक त्रुटी एकमेकींना छेदतात. हेर्डले, पीटर हॉल (१९५१–२०१६) व इचिमुरा यांनी १९९३ मध्ये आणखी एक सोय दाखवून दिली. जी खिडकीची रुंदी वक्रासाठी उत्तम, तीच दिशेसाठीही पुरेशी असते. म्हणून दोन्ही एकाच वेळी ठरविता येतात.

याहून अधिक अचूकता शक्य आहे काय, याचे उत्तर देण्यासाठी एका भारतीय निष्कर्षाचा विस्तार उपयोगी पडला. सी. आर. राव (१९२०–२०२३) यांनी १९४५ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात निःपक्ष आकलकाचे प्रचरण एका ठराविक मर्यादेखाली जाऊ शकत नाही, हे सिद्ध केले होते. हाराल्ड क्रामेर यांनीही १९४६ मध्ये तेच मांडल्याने ही मर्यादा क्रामेर-राव मर्यादा म्हणून ओळखली जाते. स्टाइन यांच्या १९५६ च्या विचाराला अनुसरून अज्ञात वक्राच्या जागी शक्य ते प्राचलीय वक्र घ्यावयाचे आणि त्यांतील सर्वांत प्रतिकूल वक्रासाठी ही मर्यादा काढावयाची, अशा रीतीने अर्धप्राचलीय मर्यादा मिळते. पीटर बिकेल, क्लासन, रिटोव्ह व वेलनर यांच्या १९९३ च्या ग्रंथात या सिद्धांताचे व्यवस्थित विवरण आहे. त्रुटी स्वतंत्र चलांवर अवलंबून नसतील, तर क्लाइन व स्पेडी यांचा आकलक या मर्यादेपर्यंत पोहोचतो. त्याची अचूकता वक्र माहीत असतानाच्या अचूकतेहून सामान्यतः थोडी कमी असते. वक्राविषयीच्या अज्ञानाची किंमत एवढीच उरते.

मर्यादा व पुढील विकास : या यशालाही सीमा आहेत. वक्र चढून तितकाच उतरणारा व चलांचे वंटन सममित असेल, तर अवकलजांची सरासरी शून्य होते आणि पहिली रीत निरुपयोगी ठरते; ब्रिलिंजर यांचा निष्कर्षही तेथे लागू पडत नाही. सरासरी अवकलजासाठी सर्व चल संतत असावे लागतात. खंडित चलांचे भार काढण्याची रीत जोएल होरोविट्झ व हेर्डले यांनी १९९६ मध्ये दिली. इचिमुरा यांच्या रीतीत शोधावयाच्या बेरजेला अनेक स्थानिक लघुतमे असू शकतात. म्हणून शोध वेगवेगळ्या आरंभबिंदूंपासून करावा लागतो. या अडचणींवर रिस्टाख, युडिट्स्की व स्पोकोइनी (२००१) आणि शिया, टाँग, ली व झू (२००२) यांनी उपाय सुचविले. प्रथम दिशेचा ढोबळ अंदाज करावयाचा. मग त्या दिशेत अरुंद व इतर दिशांत रुंद अशी खिडकी घेऊन अंदाज सुधारावयाचा. ही क्रिया उत्तर स्थिर होईपर्यंत चालते. संगणकांची शक्ती वाढल्याने असे शोध सुलभ झाले आणि मुक्तपणे उपलब्ध असणाऱ्या संगणकीय प्रणालींतही या रीतींचा समावेश झाला.

उपयोजनांत वाहतूक, श्रमबाजार व वैद्यक या क्षेत्रांचा प्रामुख्याने उल्लेख करता येईल. होरोविट्झ यांनी १९९३ मध्ये वॉशिंग्टन येथील कामावर जाणाऱ्या प्रवाशांच्या वाहननिवडीचा अर्धप्राचलीय पद्धतींनी अभ्यास करून नेहमीच्या प्रोबिट प्रतिमानाशी त्याची तुलना केली. २०१० नंतरच्या काळात चलांची संख्या निरीक्षणसंख्येहून अधिक असणाऱ्या प्रश्नांकडे लक्ष वळले. यानिव्ह प्लॅन व रोमन व्हर्शिनिन यांनी २०१६ मध्ये दाखविल्याप्रमाणे, बहुतेक भार शून्य असतील व चल प्रसामान्य असतील, तर वक्राकडे दुर्लक्ष करणाऱ्या रेखीय पद्धतीनेही दिशा मिळते. ब्रिलिंजर यांच्या कल्पनेचाच हा नवा अवतार म्हणता येईल. कृत्रिम तंत्रिका-जालातील एक एकक म्हणजेही एका निर्देशांकाचे फलन असते. त्यामुळे अशी जाले निरीक्षणांतून काय व किती वेगाने शिकतात हे तपासण्यासाठी गणितज्ञ एकनिर्देशांकी प्रतिमान कसोटी म्हणून वापरू लागले आहेत.

तथापि, सर्व चलांचा परिणाम एकाच भारित बेरजेतून होतो, हेही एक गृहीतच आहे. वय व मात्रा एकमेकांचा परिणाम वेगळ्या तऱ्हेने बदलत असतील, तर एक निर्देशांक अपुरा पडतो. दोन वा अधिक निर्देशांक घ्यावे लागतात आणि मितींचा शाप थोड्याफार प्रमाणात परत येतो. हे गृहीत तपासण्याच्या सांख्यिकीय कसोट्या उपलब्ध असून त्या लावल्याखेरीज निष्कर्ष स्वीकारणे योग्य नव्हे. गॉल्टन यांनी भार व रेषा दोन्ही आधीच ठरविली होती. शंभर वर्षांनंतर दोन्ही निरीक्षणांवर सोपविता आली. परंतु ‘मध्यपालक’ एकच असावा, हे त्यांचे तिसरे गृहीत या पद्धतीतही कायम राहिले आहे.